श्रावणातली सौंदत्ती, हलशी आणि गोकाक: ह्यांच्यासोबत पुन्हा देवळात

निपाणीहून बेळगाव, तिथून सौंदत्ती, मग खानापूरकडं हलशी आणि येताना गोकाक, असा आमचा श्रावणातला बेत होता. अंतरं काही फार नाहीत, सगळं आमच्याच जिल्ह्यातलं. पण ह्यांना घेऊन देवदर्शनाला म्हणून घराबाहेर पडणं ही आमच्या घरात मोठी गोष्ट आहे आणि ते का, हे आधी सांगितलं नाही तर पुढचं काही कळायचं नाही.

ह्यांना बायपोलर आहे. म्हणजे काही काळ माणूस प्रमाणाबाहेर वर जातो, झोप नको, जेवण नको, बोलणं थांबत नाही, पैसे उडवतो, आपण काहीही करू शकतो असं वाटतं, ह्याला डॉक्टर मॅनिया म्हणतात. आणि मग कधीतरी तोच माणूस इतका खाली जातो की अंथरुणातून उठवत नाही, आंघोळ नको, कुणाचं तोंड बघायला नको, जगायलाही नको. मधल्या काळात अगदी नीट, तुमच्या आमच्यासारखा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या आकड्याप्रमाणं जगात ४ कोटी लोकांना हा आजार आहे. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण एकटे नाही.

ह्यांचा पहिला मॅनिया देवाच्या रूपानं आला. घर वारकरी, लहानपणापासून गळ्यात तुळशीची माळ, हायस्कुलात चित्रकला शिकवायची आणि संध्याकाळी भजनाला पखवाज धरायचा असं ह्यांचं आयुष्य. त्या वर्षी आषाढीचं जागरण झालं आणि त्यानंतर हे झोपलेच नाहीत, रात्र रात्र भिंतीवर विठ्ठल काढत बसायचे, म्हणायचे तो माझ्याशी बोलतोय, मला काम दिलंय. पगार वाटून टाकला, गाडी देऊन टाकली. लोक पाया पडायला येऊ लागले, नारळ आणू लागले, सासूबाई म्हणाल्या संचार आहे. नंतर जेव्हा हे एकदम कोसळले तेव्हा तेच लोक म्हणाले करणी आहे, आणि एका देवऋषीनं आमचे महिनोन् महिने आणि बरेच पैसे खाल्ले. शेवटी धारवाडला दाखवलं, निदान झालं, लिथियम सुरू झालं.

गोळ्यांनी तो आवाज थांबला. आणि ह्यांनी माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली. म्हणाले, "मला आता देव कुठला आणि आजार कुठला हे ओळखता येत नाही, त्यापेक्षा दोन्हीपासून लांब बरा." तेव्हापासून घरात पूजा मी करते. दोघांच्या वाटची करते असं मनात म्हणत करते. आजारपणाच्या काळात सासूबाईंनी सौंदत्तीच्या यल्लम्माला, म्हणजे रेणुकेला, नवस बोलला होता, पोरगं माणसात आलं की ओटी भरीन म्हणून. आता त्यांचे गुडघे गेलेत, डोंगरावर जाणं होत नाही, त्यांनी मला सांगितलं तू जा. मी एकटीच जाणार होते. हेच एका रात्री जेवताना म्हणाले, "मी पण येतो. नवस माझ्या नावाचा आहे ना."

निघण्याआधीची तयारी (ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी वाचा, बाकीच्यांनी पुढं गेलं तरी चालेल)

लिथियमची रक्तातली पातळी निघण्याआधी तपासून घेतली. हे रक्त शेवटच्या डोसनंतर साधारण १२ तासांनी द्यायचं असतं, त्यामुळं रात्रीची गोळी घेऊन सकाळी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी लॅबमध्ये जायचं. आमचे डॉक्टर ती ०.६ ते ०.८ च्या दरम्यान ठेवतात. गोळ्या दोन वेगळ्या बॅगांत ठेवायच्या, एक बॅग हरवली तरी दुसरी राहते, आणि चिठ्ठीचा फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये. पाणी सारखं प्यायचं, कारण घाम, जुलाब, उलटी ह्यांनी अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की लिथियम रक्तात वाढतं आणि ते विषारी होऊ शकतं. हात जास्त थरथरायला लागले, तोल जायला लागला, जीभ जड झाली, तर पुढचा डोस न देता थेट दवाखाना. आणि पाय दुखले म्हणून दुकानातनं आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी अजिबात घ्यायची नाही, त्यानंही लिथियम वाढतं. देवाच्या डोंगरावर चढून उतरून आलेला माणूस पहिली तीच गोळी मागतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

शुक्रवार: निपाणी ते बेळगाव

सकाळची बस. शक्ती योजनेमुळं माझं तिकीट शून्य, आधार कार्ड दाखवायचं फक्त (कर्नाटकात राहणाऱ्या बायकांनाच आहे, पलीकडच्या महाराष्ट्रातल्यांनी लक्षात ठेवा, आणि साध्या बसलाच). तवंदी घाट ओलांडला की आभाळ खाली येतं, वंटमुरीला तर समोरचा ट्रक दिसत नव्हता इतका पाऊस. हे खिडकीशी बसून वहीत काहीतरी काढत होते आणि मी वहीत काय आहे ते बघायचा प्रयत्न करत होते. विठ्ठल नव्हता. ऊसवाल्याची टपरी होती.

बेळगावात शहापूरला नणंदेकडं उतरलो. वन्संनी जेवायला वांग्याची भाजी, ज्वारीची भाकरी, कारळ्याची चटणी आणि वर कुंदा असा बेत केला होता. कुंदा म्हणजे दूध आटवून आटवून तपकिरी, रवाळ होईपर्यंत आणलेलं, बाहेरगावचे लोक डब्यातला नेतात, पण कढईतला कोमट खाल्लाय त्यालाच तो कळला असं माझं मत आहे.

दुपारी पाऊस उघडला म्हणून किल्ल्यात गेलो. बेळगावच्या किल्ल्यात कमल बसदी आहे, जैनांची, १२०४ मधली, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य ह्याच्या बिचिराज नावाच्या मंत्र्यानं बांधलेली. आत नेमिनाथ आहेत. आणि मंडपाच्या छताला दगडाचं एक मोठं कमळ उलटं लोंबतंय, ७२ पाकळ्यांचं, मागचे, आताचे आणि पुढं होणारे मिळून तीन चोवीस तीर्थंकर. हे मान वर करून किती वेळ उभे होते देव जाणे. खांब इतके गुळगुळीत आहेत की त्यात आपली सावली दिसते, तिथं खाली बसून ह्यांनी कमळ वहीत उतरवायला घेतलं, आणि काढता काढता म्हणाले, "इथं मला भीती नाही वाटत. हा देव माझ्या ओळखीचा नाही, हा मला काही सांगणार नाही."

मी काही बोलले नाही. पण मला त्या एका वाक्यातनं कळलं की इतकी वर्षं आमच्या गल्लीतल्या विठ्ठल मंदिरावरनं जाताना हे रस्ता का बदलतात. मला वाटायचं राग आहे. राग नव्हता तो, हा माणूस घाबरत होता, ज्याच्यावर जीव लावला त्यालाच घाबरत होता.

(किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, आत जायला अडचण नाही पण ओळखपत्र जवळ ठेवा. तिथंच रामकृष्ण आश्रम आहे. स्वामी विवेकानंद १८९२ च्या ऑक्टोबरात बेळगावात येऊन राहिले होते.)

शनिवार: सौंदत्ती

मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा ठरवून टाळली होती. माघातल्या भरत पौर्णिमेला तिथं पाय ठेवायला जागा नसते, कोल्हापूर सांगलीकडनं गाड्याच्या गाड्या येतात, डोंगराखाली मैदानात चुली पेटतात, रात्रभर चौंडकं वाजतं. ऐकायला फार सुंदर आहे ते, पण आमच्या घराला रात्रभराचं काहीही चालत नाही. झोप मोडणं हे मॅनियाला आमंत्रण आहे, हे आम्हाला डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलंय. त्यामुळं आमच्याकडं गोंधळ नाही, जागरण नाही, लग्नाची वरातसुद्धा दहाला सोडून येतो. नातेवाईक बोलतात. बोलू देत.

बैलहोंगलवरनं गेलो. बेळगावचा पाऊस मागं राहतो आणि बघता बघता काळी जमीन लागते, मका, सोयाबीन, कापूस, आभाळ मोकळं. सौंदत्ती गावातनं डोंगर थोडा लांब आहे, वर जायला बस, जीप मिळतात. आधी जोगुळबावीला गेलो, तिथली रीत अशी की आधी तिथं अंगावर पाणी घ्यायचं, सत्यव्वाचं दर्शन घ्यायचं आणि मग आईकडं.

तिथं एक जोगतीण मावशी, म्हणजे यल्लम्माला वाहिलेल्या, भेटल्या, वय झालेलं, कपाळभर भंडारा, डोक्यावरनं उतरवून ठेवलेला जग, म्हणजे देवीचा मुखवटा ठेवलेली टोपली, शेजारी. "कुठनं आलासा?" म्हणाल्या. निपाणीस्नं म्हटलं. ह्यांच्याकडं बघून म्हणाल्या, "मालकांचा नवस हाय व्हय?" मला आश्चर्य वाटलं, कसं ओळखलं म्हणून. तर म्हणाल्या, "त्यास्नी धरून चाललासा की."

मग त्यांनीच कथा सांगितली, आपल्याला माहीत असलेली, पण त्यांच्या तोंडून वेगळी वाटली. रेणुका रोज वाळूची घागर करून मलप्रभेचं पाणी आणायची. एक दिवस नदीवर गंधर्व बघितले, क्षणभर मन हललं, घागर होईना. जमदग्नींनी शाप दिला, अंगावर रोग उठला, घरातनं बाहेर काढलं. रानात तिला दोन साधू भेटले, त्यांनी ह्या पाण्यात आंघोळ करायला सांगितली आणि ती बरी झाली. बरी होऊन घरी गेली तरी नवऱ्यानं घेतलं नाही, मुलांना म्हणाला हिचं डोकं उडवा, पुढचं परशुरामाचं सगळ्यांना माहीत आहे. मावशी म्हणाल्या, "आई आजारी हुती तवा घरची कोण न्हवती गं तिच्याजवळ. म्हणून आजारी माणसाला ती लवकर वळखती."

मी ह्या देवीची ओटी लहानपणापासून बघतेय पण ती आजारी होती आणि आजारासाठी घरातनं निघाली होती हे असं कधी मनात आलं नव्हतं. आमच्या ओपीडीच्या बाकावर बसून मी काय बघते? पुरुष आजारी असला तर शेजारी बायको असते. बाई आजारी असली तर शेजारी तिची आई असते किंवा भाऊ. नवरा क्वचित. माझ्या माहेरच्यांनी पण मला सोड म्हणून सांगितलं होतं, एका नातेवाईकानं १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ पर्यंत वाचून दाखवलं. त्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचं कारण आहे, पण नुसतं निदान पुरत नाही, एकत्र राहण्याची अपेक्षाच करता येऊ नये इतका आजार असावा लागतो. ज्या बाहेर पडल्या त्यांना मी नावं ठेवणार नाही, मारहाण सोसून, कर्ज फेडून थकलेल्या बायका मी बघितल्यात. मी राहिले कारण मला ह्यांच्याबरोबर राहायचं होतं. एवढंच कारण होतं, आणि ते कुणाला पटवून देता यायचं नाही म्हणून मी त्यावर वाद घातला नाही.

वर देवळात रांग बेताची होती. आताचं देऊळ १५१४ मध्ये रायबागच्या बोमप्पा नायकानं बांधलं असं सांगतात. हिरवं पातळ, खण, नारळ, फळं असं ओटीचं ताट माझ्या हातात. सगळीकडं भंडारा, पायाखाली पिवळं, कपड्यांवर पिवळं, "उदं गं आई उदं" चालू. आणि आमच्या पुढं काही बायका सोडून एका बाईच्या अंगात आलं. केस सुटले, घुमायला लागली, लोक बाजूला झाले, कुणी हात जोडले. ह्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. चेहरा पांढरा पडला होता. मी म्हटलं, "परत जाऊया? ओटी मी एकटी भरते." हे नाही म्हणाले. त्या बाईकडं बघत राहिले, तिला कुणीतरी पाणी दिलं, ती बसली, पदर नीट केला. मग रांग पुढं सरकली.

गाभाऱ्यासमोर किती वेळ मिळतो, मोजून काही क्षण. मी ओटी दिली, नवस फिटला म्हणाले, सासूबाईंचं नाव घेतलं. हे हात जोडून नुसते उभे. डोळे उघडे.

बाहेर आल्यावर कट्ट्यावर बसलो. मी पाण्याची बाटली दिली. बऱ्याच वेळानं म्हणाले, "काही बोलली नाही."

मी म्हटलं, "कोण?"

"आई. काहीच बोलली नाही गं. नुसती बघत होती. मी पण बघत होतो." आणि मग हसले, अगदी मोकळं. "किती बरं वाटलं."

मला रडू आलं ते मी आवरलं नाही. बाकी लोक देवळात येतात ते देवानं काहीतरी बोलावं, सांगावं, कौल द्यावा म्हणून. ह्यांना देव गप्प हवा होता, आणि तो गप्प असताना त्याच्यासमोर उभं राहता येतं का हे बघायचं होतं.

खाली येऊन एका आजीकडं जेवलो, बाजरीची कडक भाकरी, एण्णेगाई म्हणजे आपली भरली वांगी पण तेल आणि शेंगदाण्याचा कूट जास्त, शेंगाचटणी, ताक. मराठी त्यांना येत नव्हतं आणि आमचं कानडी बाजारापुरतं, तरी त्यांनी ह्यांना तिसरी भाकरी खायला लावलीच.

स्टँडवर बेळगावच्या बसची वाट बघताना धारवाडची गाडी लागली. त्यातनं एक शेतकरी उतरला, बायकोचा हात धरून, दुसऱ्या हातात सरकारी दवाखान्याचं गोळ्यांचं पाकीट. मी ते पाकीट ओळखते. आमच्या शेजारीच टेकले. मोडक्या मराठीत बोलला, दर महिन्याला जातो, गोळी तिथं मिळते, बस आणि एक दिवसाची मजुरी एवढा खर्च. "घरात ठेवूलालोय तिला," म्हणाला, "माहेरला पाठवा म्हणूलालेत सगळे. कशाला? मी हाय की." बायको गप्प होती, पण तो म्हणाला "मी हाय की" तेव्हा तिनं त्याच्या सदऱ्यावरचा भंडारा झटकला. हे त्याच्याशी गोळ्यांबद्दल बोलत बसले, कुठली, किती, हात कापतात का, वजन वाढलं का. मी इतक्या सहज ह्यांना परक्या माणसाला "मला पण आहे" म्हणताना पहिल्यांदा ऐकलं.

शनिवारची रात्र

हे वेगळं लिहिते कारण प्रवासवर्णनात रात्री कुणी लिहीत नाही आणि आमच्यासारख्यांचा अर्धा प्रवास रात्रीच होतो.

पहाटे साडेतीनला मला जाग आली तर हे अंथरुणात नाहीत. वन्संच्या मागच्या पडवीत बसून हळू आवाजात अभंग म्हणत होते, मांडीवर पखवाजाचा ताल. माझं काळीज थांबलं. इतक्या वर्षांत आवाज निघाला नव्हता तो, आणि गोडही तितकाच लागत होता, आणि मला आनंद घ्यावा की डॉक्टरना फोन करावा हे कळेना. हे सगळ्यात अवघड आहे ह्या आजारात. दुःख ओळखता येतं. नवरा हसायला लागला, गाऊ लागला, नवीन काहीतरी करू म्हणाला की बायकोच्या पोटात गोळा येतो.

मी शेजारी जाऊन बसले. ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मी हसलो की तू माझ्याकडं घड्याळ बघितल्यासारखी बघतेस."

काय बोलणार. खरं होतं ते.

मग तेच म्हणाले, "बघ. बघायलाच पाहिजे. पण आज मला आनंद झालाय गं, नुसता आनंद." आणि आत जाऊन पाकिटातनं तो कागद घेऊन आले. आमच्याकडं एक कागद आहे, हे नीट असताना डॉक्टरांसमोर बसून आम्ही दोघांनी लिहिलेला. त्यात आहे की लागोपाठ दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप झाली तर डॉक्टरना फोन, मोठी खरेदी किंवा देणगी असेल तर आठवडाभर थांबायचं, एटीएम कार्ड माझ्याकडं, आणि मी "चला" म्हटलं की वाद न घालता दवाखान्यात यायचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात असं आधीच लिहून ठेवायचा हक्क पेशंटला दिलेला आहे, उपचार कसे हवेत, कसे नकोत, आणि आपल्या वतीनं कोण ठरवेल हेही लिहिता येतं. ह्यांनी माझं नाव लिहिलंय. लग्नात हातात हात दिला तेव्हा मला जितकं भरून आलं नव्हतं तितकं त्या सहीच्या वेळी आलं.

कागदावर बोट ठेवून म्हणाले, "एक रात्र झाली. उद्या पण असं झालं तर सोमवारी सकाळी तूच फोन लाव, मी शेजारी बसतो." मग आत येऊन पडले. झोप लागली की नाही माहीत नाही. मी तो अभंग मनात म्हणत पडून राहिले.

रविवार: खानापूर, नंदगड, हलशी

वन्संचे यजमान गाडी घेऊन आले, बसनं हलशी जमते पण वेळ फार जातो. खानापूरच्या पुढं पाऊस म्हणजे काय ते कळतं, भाताची खाचरं तुडुंब, बायका इरली घेऊन वाकलेल्या, रस्त्याच्या दोन्ही बाजूला नुसतं हिरवं. नंदगडला इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे, २६ जानेवारी १८३१ ला इंग्रजांनी त्यांना तिथं फाशी दिली. वडाखाली थोडा वेळ थांबलो.

हलशी म्हणजे जुनी पलाशिका, कदंब राजांची. आज लहानसं गाव आहे, आणि मधोमध भूवराह नरसिंहाचं ते दगडी देऊळ, बाराव्या शतकातलं. त्यात दोन गाभारे समोरासमोर आहेत, मधे मंडप. एका बाजूला वराह पृथ्वीला उचलून उभा आहे. पावसाचं पाणी छपरावरनं धारांनी पडत होतं, आत आम्ही आणि पुजारी सोडून कुणी नाही. पुजारीबाबांनी दिवा वर धरून दाखवला वराह, म्हणाले नीट बघा, भूदेवीचा चेहरा बघा, घाबरलेली नाही.

हे मंडपात बरोबर मधे बसले, म्हणाले दोन्हीकडं पाठ होत नाही अशी जागा शोधतोय. वही काढली. मी ओल्या पायरीवर बसून वन्संनी दिलेली मिरची भजी खाल्ली, गार झाली होती तरी काय लागली. काही घडलं नाही तिथं. असा काही न घडणारा दिवस आमच्या वाट्याला यायला बराच काळ गेलाय, म्हणून लिहिलं.

(हलशीला खायला काही मिळेल ह्या भरवशावर जाऊ नका, खानापुरातनं बांधून घ्या. पावसाळ्यात देवळाच्या फरशा घसरड्या होतात. मोबाईलची रेंज कमी, औषधं आणि पाणी जवळ पाहिजेच.)

रात्री साडेनऊला गोळी, दहाला दिवा बंद. मी जागीच. साडेदहाच्या सुमाराला घोरणं ऐकू आलं. घोरण्याचा इतका आनंद दुसऱ्या कुठल्या बाईला होत असेल असं वाटत नाही. हे सकाळी सहाला उठले.

सोमवार: कपिलेश्वर आणि गोकाक

श्रावणी सोमवार. बेळगावात कपिलेश्वराला दक्षिण काशी म्हणतात, पहाटेपासून रांग लागते. वन्संचा उपास अळणी असतो, मीठ नाही, त्यांनी प्रेमानं ह्यांच्यापुढं पण तीच अळणी भगर ठेवली. हे माझ्याकडं न बघताच म्हणाले, "ताई, मला मीठ लागतं. लिथियमला मीठ सोडून चालत नाही." वन्सं जरा थबकल्या, म्हणाल्या, "अरे पण सोमवार." तर हे म्हणाले, "महादेवानं विष पचवलं, मला नाही पचायचं." वन्संनी सैंधव आणून दिलं.

इथं एक सांगते. उपास करायचाच असेल तर पाणी आणि मीठ न सोडता, गोळीच्या वेळा न चुकवता, आणि आधी डॉक्टरना विचारून. देवानं आपल्याला गोळी सोडायला सांगितलं असं पेशंट म्हणाला तर ती भक्ती नव्हे, तो आजार सुरू झाल्याची खूण आहे, आणि हे मी पूजा करणारी बाई म्हणून सांगतेय. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर टेली-मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास. धारवाडची डिम्हान्स ही मानसिक आजारांवरची सरकारी संस्था आपल्या भागाला बेंगळुरूच्या निम्हान्सपेक्षा कितीतरी जवळ आहे.

कपिलेश्वराला आम्ही दर्शन बाहेरूनच घेतलं, गर्दी होती. दुपारच्या आत गोकाक फॉल्सला पोचलो. घटप्रभा ५० मीटरच्या वर उंचीवरनं खाली पडते, श्रावणात पाणी लालसर मातकट, आवाज असा की शेजारचं बोलणं ऐकू येत नाही. कड्याच्या टोकापर्यंत तरुण पोरं जातात, जाऊ नका, शेवाळ आहे. गावात करदंट घेतलं, डिंक, सुका मेवा आणि गुळाचं, सासूबाईंना दात नाहीत म्हणून मऊ बघून घेतलं.

धबधब्यासमोर मोठ्यानं ओरडून मी ह्यांना विचारलं, "माळ परत घालणार का?" कारण मला जाणून घ्यायचं होतं आणि तिथं कुणाला ऐकू गेलं नसतं. हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आत्ता नको. पण विठ्ठल मंदिरावरनं रस्ता बदलायचा नाही, एवढं ठरवलंय."

संकेश्वरवरनं संध्याकाळी निपाणी.

आल्यानंतर

सासूबाईंच्या कपाळाला भंडारा लावला, त्यांनी ह्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरून बघितला. रक्त तपासलं, लिथियम ठीक आहे. डॉक्टरना सगळं सांगितलं, पहाटेच्या अभंगासकट. त्यांनी तो एक दिवस वहीत लिहून घेतला, झोप भरून निघाली हे चांगलं म्हणाले, औषध तेच ठेवलं. ह्यांनी त्यांना विचारलं पंढरपूरला गेलो तर चालेल का. डॉक्टर म्हणाले वारीच्या गर्दीत नको, एकादशीला नको, रात्री झोप मिळणार असेल तर जरूर जा.

तर मार्गशीर्षात, एकादशी टाळून, मिरजेहून रेल्वेनं जायचं ठरतंय. देवळापासून फार लांब नाही पण लाऊडस्पीकर ऐकू येणार नाही, दहाला झोपता येईल अशी साधी खोली तिथं कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा.